अक्का, निघू का?

होळी झाली की सोलापुरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, ऊन आणि सुट्टीचे बेत. सोलापूर स्टेशनच्या आरक्षण खिडकीमागे मी ३१ वर्षं बसले. फॉर्म आत सरकवताना माणूस नुसतं गावाचं नाव सांगत नाही. "सासऱ्यांना खालचा बर्थ मिळेल ना?", "पोरगी पहिल्यांदाच एकटी चाललीय हो", "येताना गाडी चुकली तर?" हे सगळं तो फॉर्मबरोबर आत सरकवतो. मी निवृत्त झाले, खिडकी सुटली. प्रश्न मात्र येतच राहिले, आता पाकिटातून येतात. यंदाच्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : अक्का, मी जुळे सोलापुरात राहते. वय ४४. मे महिन्यात आम्ही चौघं गाडीनं बदामी-हंपीला जायचं म्हणतोय. बाकी सगळे खूश आहेत, मला मात्र आतापासून झोप नाही. कुठंही निघायच्या आधी आठ दिवस पोटात गोळा येतो. गॅस बंद केला का, पाण्याची मोटार बंद केली का, कुलूप नीट लागलं का, पाच-पाच वेळा बघते. सगळं मलाच बघावं लागतं. मागच्या दिवाळीत पुण्याला निघालो, मोहोळपर्यंत गेलो आणि मी गाडी मागं फिरवायला लावली. घरी येऊन बघते तर गॅस बंदच. नवरा काही बोलला नाही, पण मुलगा म्हणाला, "आई, तू घरीच राहत जा." ते फार लागलं. मी खरंच घरी राहावं का? सगळं मलाच बघावं लागतं, म्हणून असं होत असेल का?

उत्तर : ताई, घरी राहायचं नाही. मुलाचं बोलणंही मनात धरू नका, त्याच्यासाठी पुढं एक काम काढून ठेवलंय.

आधी माझं सांगते. १९९३ चा मे. पुण्याहून पॅसेंजरनं आम्ही सोलापूरला येत होतो. मी, हे आणि दोन मुलं; मोठा पाच वर्षांचा, धाकटी मांडीवर. कुर्डुवाडीला गाडी थांबली तसे हे फिरकीचा तांब्या घेऊन पाण्याला उतरले आणि मोठाही त्यांच्या मागोमाग उतरला. नळावर ही गर्दी. गाडी हलली. मी खिडकीचे गज धरून हाका मारतेय, फलाट मागं सरकतोय, आणि त्या माणसांत मला ना हे दिसतायत ना पोरगं. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायची तेव्हा त्या गाडीत सोय नव्हती. माढा येईपर्यंतची ती मिनिटं मी कशी काढली ते सांगता येणार नाही. माढ्याला गाडी थांबली आणि मागच्या डब्यातून हे पळत आले. एका कडेवर पोरगं, दुसऱ्या हातात तांब्या. तांब्याची फिरकी घट्ट लावलेली, पाणी काठोकाठ.

त्यानंतर दोन वर्षं मी प्रवासाला निघाले नाही. दिवसभर लोकांना लांब लांबची तिकिटं काढून द्यायची आणि घरात कुणी बेत काढला की माझे हातपाय गार पडायचे. एका रात्री ह्यांनी विचारलं, "तुला नक्की कशाची भीती वाटते?" मी म्हटलं, प्रवासाची. ते म्हणाले, "तसं नको, नीट सांग." बऱ्याच वेळानं माझ्या तोंडून आलं : आपली ताटातूट झाली तर कुणी काय करायचं हे आपलं ठरलेलंच नाही. मग आम्ही ठरवलं. मुलांना घेऊन मधल्या स्टेशनावर कुणी उतरायचं नाही. उतरणाऱ्यानं सांगून उतरायचं. गाडी हलली तर पळत जाऊन चढायचं नाही, तिथल्या स्टेशन मास्तरांच्या खोलीपाशी थांबायचं. गाडीत राहिलेल्यानं पुढच्या स्टेशनवर उतरून तिथून निरोप द्यायचा. एवढंच. मुलं मोठी होईपर्यंत प्रत्येक प्रवासाआधी आम्ही हे सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचो. त्याच वर्षी मी पुन्हा गाडीत बसले.

म्हणून मी तुम्हालाही तेच विचारते, नक्की कशाची भीती? पत्रात तुम्ही "सगळं मलाच बघावं लागतं" हे दोनदा लिहिलंय. मला वाटतं भीतीचं मूळ गॅसपेक्षा त्या वाक्यात जास्त आहे. घरातल्या चौघांपैकी एकाच्याच डोक्यावर दहा गोष्टी असल्या की ते डोकं मोहोळपर्यंत तरी कसं शांत राहील? कामं वाटून टाका. हॉटेल आणि गाडीचे कागद नवऱ्याकडे. ज्याची त्याची बॅग ज्यानं त्यानं भरायची. काही राहिलं तर तिकडे विकत मिळतं.

आता गॅसचं. रेल्वेत इंजिनात दोघं असतात, लोको पायलट आणि त्याचा सहायक. सिग्नल दिसला की एक जण तो मोठ्यानं सांगतो आणि दुसरा मोठ्यानं परत म्हणतो. दोघांनाही तो समोर दिसत असतो, तरी म्हणतात. रोजची गोष्ट डोळा बघतो पण मनात तिची नोंद होत नाही. तोंडानं उच्चारली, कानानं ऐकली की होते. तुम्ही वर्षाकाठी हजारदा रेग्युलेटर बंद करता. आजचं बंद करणं कुठलं आणि कालचं कुठलं हे मन वेगळं काढू शकत नाही, म्हणून मोहोळला शंका येते.

तेव्हा निघताना रेग्युलेटर बंद करा, त्यावर हात ठेवा आणि खणखणीत म्हणा, "गॅस बंद." मुलानं दारातून म्हणायचं, "गॅस बंद." मग मोटार, गिझर, मागचं दार. शेवटचं कुलूप मुलानं लावायचं, "कुलूप लावलं" त्यानं म्हणायचं आणि ते परत तुम्ही म्हणायचं. हेच त्याचं काम. सगळं एकदाच. पुन्हा पुन्हा बघितल्यानं खात्री वाढत नाही, आठवण आणखी पुसट होते. तुमचा अनुभवही तोच असणार. एक किल्ली शेजारी द्या. वाटेत शंका आलीच तर गाडी फिरवायची नाही, शेजारी फोन करायचा, तोही एकच.

पहिला मुक्काम जवळचा ठेवा. विजापूर आपल्यापासून शंभर किलोमीटर, अडीच तासांत पोचता. गोलघुमट बघा, वरच्या सज्जात मुलांना भिंतीशी कुजबुजू द्या, रात्री तिथेच राहा. पोटातला गोळा निघायच्या आधी असतो, निघाल्यावर तो विरघळायला लागतो. अशा माणसानं पहिल्याच दिवशी आठ तासांची मजल मारू नये. दुसऱ्या दिवशी बदामी, तिसऱ्या दिवशी हंपी. मे महिन्यात हंपीचे दगड तव्यासारखे तापतात, म्हणून सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी साडेचारनंतर, एवढंच फिरायचं. बेत डिसेंबरला ढकलता आला तर फार चांगलं, पण शाळा सोडत नाहीत हे मला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. हे तपासणं प्रवासापुरतंच आहे की रोजचं? रोज रात्री कुलूप, गॅस, हात धुणं यात तास-तास जात असेल, किंवा छातीत धडधडून घाम फुटत असेल, तर मानसोपचार तज्ज्ञांना भेटा. त्यावर चांगले उपचार आहेत आणि लोक त्यातून बरे होतात. घरातून बोलायचं असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा, होटगी रोडला राहतो. गिरणीत नोकरी केली. १२ वर्षांपासून मधुमेह, दोन वेळा इन्सुलिन घेतो. केदारनाथला जायची फार वर्षांची इच्छा आहे. मुलं नको म्हणतात. पत्नी म्हणते, तुम्ही गेलात तर मी येणारच. तिचे गुडघे दुखतात. अक्का, आम्ही जावं का?

उत्तर : काका, आधी आकडे समोर ठेवते. आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. केदारनाथ ३,५८३ मीटर. त्या उंचीवर एका श्वासात इथल्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश प्राणवायू कमी मिळतो. त्यात गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटर चढ. मुलं नको म्हणतात ती तुमच्या इच्छेवर रागावून म्हणत नाहीत, हे आकडे त्यांनी कुठंतरी वाचलेले असणार.

माझं मत विचाराल तर यंदा दोघांनी मिळून बद्रीनाथ करावं. तेही ३,१०० मीटरवर आहे, पण गाडी देवळाच्या जवळपर्यंत जाते आणि काकूंच्या गुडघ्यांवर अन्याय होत नाही. केदारनाथचं तिकडून परत आल्यावर, तब्येतीनं कशी साथ दिली ते बघून ठरवा.

मे-जूनमध्ये जाऊ नका. देवळांची कपाटं, म्हणजे दारं, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतात आणि सगळा देश तेव्हाच लोटतो. पावसाळ्यात दरडी. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य, हे दिवस तुमच्यासाठी. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून हरिद्वार. हरिद्वारला एक पूर्ण दिवस नुसता आराम. मग एक रात्र रुद्रप्रयागला, एक रात्र जोशीमठला (ते १,९०० मीटरच्या आसपास आहे) आणि मग वर. टूरवाले पाच दिवसांत सगळं उरकून देतो म्हणतात, त्यांना नाही म्हणा. शरीराला उंचीची ओळख करून द्यायला वेळ लागतो, तो पैशानं कमी होत नाही. यात्रेची नोंदणी सक्तीची आहे, ती सरकारी संकेतस्थळावरच करा. पुढं कधी केदारनाथला हेलिकॉप्टरनं जायचं ठरलं तर त्याचं तिकीटही रेल्वेच्या आयआरसीटीसीच्या अधिकृत हेलियात्रा पानावरच काढायचं. मोबाइलवर येणाऱ्या जाहिरातींत खोट्या साइट पुष्कळ असतात आणि पैसे गेले की गेले.

इन्सुलिनचं नीट ऐका. सोलापुरात आपण त्याला उन्हापासून जपतो, तिकडे थंडीपासून जपायचं. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, पुन्हा वितळलं तरी वापरायचं नाही. रात्री ते खोलीत उघड्यावर न ठेवता अंगावरच्या कपड्यांच्या आतल्या खिशात ठेवा. कडक थंडीत साखर मोजायचं यंत्रही चुकीचा आकडा दाखवू शकतं, ते ऊबेला ठेवून मग वापरा. औषधांचे दोन संच करा, एक तुमच्या पिशवीत, एक काकूंच्या, आणि दोन्हींत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. चालणं वाढलं की साखर एकदम उतरते, म्हणून खिशात ग्लुकोजची पुडी किंवा खडीसाखर हवीच. निघायच्या महिनाभर आधी हृदयाची तपासणी करून घ्या आणि इन्सुलिनचं प्रमाण कसं बदलायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. उंचीवर त्रास होऊ नये म्हणून एक गोळी देतात, ती कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. मूत्रपिंड आणि सल्फाची ॲलर्जी बघून डॉक्टरच ठरवतात.

वर गेल्यावर डोकं ठणकणं, मळमळ, चालताना झोक जाणं, बसल्या जागी धाप लागणं यांतलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच वेळी खाली उतरायचं. दर्शन झालं असो वा नसो. मुलांना हे वाक्य तुम्ही स्वतः लिहून द्या. मला वाटतं, तेवढ्यानं त्यांचं अर्धं "नको" कमी होईल.

प्रश्न : अक्का, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. बार्शीला जातानाही गाडीत उलटी करतो. मे महिन्यात मालवणला जायचंय, मध्ये घाट. मला आत्तापासून धास्ती. न जेवता नेऊ का?

उत्तर : अगं, उपाशी अजिबात नेऊ नकोस. रिकाम्या पोटी मळमळ वाढते.

आधी हे का होतं ते बघ. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो सांगतो की आपण हलतोय, वळतोय. पोर मागच्या सीटवर मान खाली घालून मोबाइलमध्ये बघत असतं, त्याचे डोळे सांगतात की काही हलत नाही. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. गाडी चालवणाऱ्याला सहसा लागत नाही, कारण त्याची नजर पुढच्या रस्त्यावर असते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वांत जास्त, पुढं बहुतेकांचा आपोआप कमी होतो.

म्हणून मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक दोन्ही बंद. त्याला मागच्या सीटच्या मधोमध बसव, पट्टा लावून, म्हणजे समोरच्या काचेतून लांबचं दिसेल. उंची कमी पडत असेल तर त्याच्या वयाची बूस्टर सीट घे. लांबचा डोंगर, पुढचा ट्रक, येणारं वळण ओळखायचा खेळ लाव. खिडकी थोडी उघडी. गाडीत सुगंधी डबी लटकवलेली असेल तर ती घरीच काढून ठेव, निम्म्या उलट्या त्या वासानं होतात असं माझं मत आहे.

सकाळी निघताना दशमी किंवा मऊ भात, फोडणीचं काही नको, दूध नको. वाटेत चघळायला आपली कडक भाकरी. तिचा कोरडा तुकडा हळूहळू चावत राहिला की पोरांचं पोट स्थिर राहतं, माझ्या नातवंडांवर बघितलंय. शेंगा चटणी मात्र तुमच्यासाठी, त्याच्यासाठी नको. घाट सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं थांबा, खाली उतरवून चालवा. मालवणला कोणत्याही घाटानं उतरलात तरी वळणं आहेतच, म्हणून चालवणाऱ्याला सांग की वळणावर गचका नको, वेग आधीच कमी कर.

बालरोगतज्ज्ञ वजन बघून गोळी किंवा सिरप देतात. ते प्रवासाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायचं असतं, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नसतो. एक डोस आधी घरी देऊन बघायचा का, हेही विचार. काही मुलांना त्यानं फार झोप येते. आणि दर वळणाला "होतंय का रे?" असं विचारू नकोस. पिशवी, ओला रुमाल आणि एक शर्ट हाताशी ठेव, झाली तर झाली.

प्रश्न : मुलीला मुंबईला प्रशिक्षणासाठी जायचंय, रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं, एकटी. वय २१. मी रात्रभर जागी राहणार. तिला दर तासाला फोन करायला सांगू का?

उत्तर : नको हो. दर तासाला फोन म्हणजे ती झोपणार नाही, तिच्या फोनची बॅटरी संपेल आणि सकाळी लागेल तेव्हा फोन बंद असेल. दोन फोन ठरवा. एक जागेवर बसल्यावर, त्यात डबा आणि बर्थचा नंबर सांगायचा. दुसरा सकाळी उतरल्यावर. तिच्यासाठी वरचा बर्थ घ्या. तिथं येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का नाही. पर्स उशाखाली, बॅग खाली साखळीनं. काही खटकलं तर १३९ वर फोन. गाडीचा नंबर आणि बर्थ सांगितला की पुढच्या स्टेशनवर सुरक्षा दलाचे लोक येतात. हा नंबर तिच्या मोबाइलमध्ये आणि कागदावरही असू द्या. आणि एक सोलापुरी चादर द्या बरोबर, स्लीपरमध्ये पहाटे कर्जतच्या घाटात गार लागतं.

प्रश्न : सुट्टीत तिकीटच मिळत नाही. आईला खालचा बर्थही कधी मिळत नाही. काही युक्ती सांगा.

उत्तर : युक्ती म्हणण्यापेक्षा तारखा पाळा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होते. म्हणजे १५ मेची गाडी हवी तर १६ मार्चला सकाळी आठ वाजता तयार राहायचं. आयआरसीटीसीचं खातं आधारशी आधीच जोडून ठेवा, त्याशिवाय आता ऑनलाइन तत्काळ काढता येत नाही. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं दहाला आणि स्लीपरचं अकराला. वेटिंगचं तिकीट घेऊन आरक्षित डब्यात चढू नका, चालत नाही.

खालच्या बर्थचं कारण बहुतेकांना माहीत नसतं. ४५ वर्षांवरच्या बायका आणि ६० वर्षांवरचे पुरुष यांच्यासाठी काही खालचे बर्थ राखलेले असतात, पण प्रवासी एकटा असेल किंवा तिकिटावर असे दोघंच असतील तरच ते मिळतात. तुम्ही आईचं नाव पाच जणांच्या तिकिटात घालता आणि ती सवलत हातची जाते. आईवडिलांचं तिकीट वेगळं काढा.

आणि हे माझ्या खिडकीवरचं. सोलापूरवरून पुष्कळ गाड्या मध्यरात्रीनंतर जातात. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:२० असेल, तर स्टेशनवर १४ च्या रात्री जेवून यायचं असतं. १५ च्या रात्री सामान, म्हातारी माणसं, झोपलेली पोरं घेऊन आलेली कितीतरी कुटुंबं मी पाहिलीत. गाडी २४ तासांपूर्वी निघून गेलेली असायची. त्यांच्या चेहऱ्यांकडे बघवायचं नाही. तेव्हापासून रात्री बारानंतरचं तिकीट असलं की मी त्यावर पेनानं लिहून द्यायची, "मंगळवारी रात्री जेवून निघा." तुमच्या मोबाइलमधल्या तिकिटावर लिहिता येत नाही, कॅलेंडरवर लिहा.

प्रश्न : अक्का, मी अशोक चौकाच्या मागं राहते. विड्या वळते. वय ५२. पत्र लेक लिहितेय. घरी आम्ही तेलुगू बोलतो, मला मराठी बोलता येतं, लिहिता येत नाही. आजवर तुळजापूर, अक्कलकोट आणि पंढरपूर एवढंच बघितलं. एकदा समुद्र बघायचाय. सासूबाई ७७ वर्षांच्या, त्याही म्हणतात मरायच्या आधी बघू. मी, लेक आणि सासूबाई, तीन बायकाच गेलो तर चालेल का? खर्च फार येईल का? खाडा किती दिवसांचा पडेल?

उत्तर : चालेल. तीन बायका खुशाल जा. या सगळ्या पत्रांत मी सर्वांत आधी तुमचं उत्तर लिहायला घेतलं.

खर्चाचं आधी. एसटीत बायकांना राज्यात अर्धं तिकीट आहे, १७ मार्च २०२३ पासून. सासूबाई ७५ च्या वर आहेत, त्यांचं भाडं लागतच नाही. आधार कार्ड मात्र मूळचं बरोबर हवं. म्हणजे तिघींचा प्रवास एका पूर्ण तिकिटात होतो. भाड्याचा आजचा आकडा लेकीला स्टँडवरच्या चौकशी खिडकीवर विचारायला सांगा, ऐकीव आकड्यावर बेत करू नका.

गणपतीपुळ्याला जा. देऊळ अगदी समुद्राला लागून आहे, सासूबाईंना पायऱ्या-डोंगर चढावे लागणार नाहीत, आणि मुक्कामाला देवस्थानचं भक्तनिवास आहे. खोलीचं फोनवर विचारूनच निघा. पहिल्या दिवशी सोलापूर ते कोल्हापूर, अंबाबाईचं दर्शन, रात्र तिथे. सासूबाईंचं वय बघता एका दमात जाऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरीची गाडी, आंबा घाट दिवसाउजेडी उतरायचा, रत्नागिरीहून पुळे. तिसरा दिवस पूर्ण समुद्राचा. चौथ्या दिवशी पहाटे निघून रात्री घरी. खाडा चार दिवसांचा, पाचव्या दिवशी अंग दुखेल म्हणून तोही धरून ठेवा.

मे महिन्यात नको. उकाडा, गर्दी, खोल्या महाग. जूनपासून समुद्र खवळतो. आपली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा झाली की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जा. ऊन कोवळं असतं, सुट्ट्या नसतात, आणि तोवर नऊ-दहा महिने हातात आहेत. आठवड्याचा हिशोब मिळाला की त्यातली एक नोट डब्यात टाका. डबा सासूबाईंकडे ठेवायला द्या, त्यांच्याकडून कुणी मागून घेणार नाही.

बरोबर कडक भाकरी, चटणी, धपाटे घ्या, दोन दिवसांचं जेवण सुटतं. पैसे तिघींकडे वाटून ठेवा. कोल्हापूरला गाडी बदलताना सासूबाईंना बाकावर बसवून एकीनं त्यांच्यापाशीच थांबायचं, दुसरीनं चौकशीला जायचं. चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते उतरल्या उतरल्या ठरवा. चौकशी खिडकी सगळ्यात बरी, ती कुणालाही विचारून सापडते.

पुळ्याचा समुद्र दिसतो तसा नाही. तळ एकदम खोल होतो आणि पाणी आत ओढतं, माणसं बुडाली आहेत तिथे. लेक तरुण आहे, तिला आत जावंसं वाटेल. घोट्याच्या वर कुणी जायचं नाही, आणि भरतीची वेळ तिथल्या दुकानदाराला विचारूनच पाण्याकडे जायचं. लाट परत फिरताना पायाखालची वाळू ओढून नेते, पहिल्यांदा उभं राहणाऱ्याचा तोल जातो आणि म्हातारं माणूस घाबरतं. सासूबाईंना दोघींनी दोन बाजूंनी धरा, चपला काढून ओल्या वाळूत उभं करा आणि पाणी त्यांच्या पायापर्यंत येऊ द्या. घाई करू नका.

परत आलात की लेकीला पत्र लिहायला सांगा. सासूबाई काय म्हणाल्या, तेलुगूत म्हणाल्या तसंच लिहा, मी इथे कुणाकडून तरी वाचून घेईन.